वॉरंटी वर्षाची, चिखलणी पंधरा दिवसांची

पॉवर टिलरची वॉरंटी वर्षभराची असली, तरी चिखलणीचे दिवस मोजून पंधरा! कल्याण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा नवा टिलर भर आषाढात तीनदा बंद पडला. दर वेळी गिअर सुटायचा. विक्रेता दोन दिवस ठेवून घ्यायचा आणि "झालं काका, न्या" म्हणायचा. चौथ्या खेपेला उत्तर मिळाले, "खोल चिखलात घातलात, वॉरंटीत बसत नाही." अहो, भातखाचरात चिखल नसेल तर काय डांबर असेल? इकडे रोप वाढून बसले. अखेर भाड्याच्या ट्रॅक्टरने चिखलणी उरकली.

मी कागद मागितले, तर एकाही दुरुस्तीचे जॉब कार्ड नाही! आपण हरतो ते इथेच. टिलर दुरुस्तीला टाकताना तारीख आणि बिघाड लिहिलेले, सही-शिक्क्याचे कार्ड घ्याच. दाद लागली नाही तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करा. पुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. यंत्राची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र २ वर्षांची.

आम्ही कृषी खात्याची माणसे अनुदानाची फाईल पुरी झाली की सुटलो म्हणतो, हेही चूकच. हंगामात टिलर अडकला, तर विक्रेत्याने बदली टिलर दिलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय ग्रामसभेत जरूर घ्यावा.