पट्टीवरील रेघ आणि पालकांचा निर्णय

मुलाचे अभ्यासात लक्ष लागेनासे झाले, सोबती बदलले, बोलणे तुटक झाले, की पालकांच्या मनात मादक द्रव्याची शंका डोकावते. अशा वेळी घरच्या घरी लघवी तपासण्याच्या पट्टीचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ही पट्टी काय सांगू शकते व काय नाही, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

पट्टीत रंगीत कणांशी जोडलेली प्रतिपिंडे असतात. लघवीत मादक द्रव्याचा अंश ठरावीक मर्यादेहून अधिक असल्यास तो या प्रतिपिंडांना व्यापून टाकतो आणि रेघ उमटत नाही. रेघेचा अभाव हीच शंकेची खूण होय. मात्र तो अंश कोठून आला, हे पट्टी सांगत नाही. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीनचे शरीरात मॉर्फीन बनते. बंगालच्या पोस्तोतील किंवा महाराष्ट्राच्या अनारशावरील खसखशीतूनही मॉर्फीन लघवीत उतरू शकते. याच कारणास्तव अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाचणीतील ही मर्यादा १९९८ साली दर मिलिलिटरमागे ३०० वरून २००० नॅनोग्रॅम करण्यात आली.

समजा, १००० मुलांपैकी २० जण खरोखर व्यसनात सापडले आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी शेकडा ९५ वेळा अचूक आहे. ती २० पैकी १९ जणांना हुडकील. पण उरलेल्या ९८० निर्व्यसनी मुलांपैकी ४९ जणांवरही ठपका ठेवील. म्हणजे दोषी ठरलेल्या ६८ मुलांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक निर्दोष असतील.

उलटपक्षी, निर्दोषतेचा निर्वाळाही फसवा असू शकतो. एखाद्या वेळीच ओढलेल्या गांजाची खूण बहुधा तीन-चार दिवसांत नाहीशी होते. पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर यांसारखी हुंगण्याची द्रव्ये तर सामान्य पट्टीच्या कक्षेतच येत नाहीत. भारत सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणी-अहवालानुसार प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळणारा मादक द्रव्यांचा हा एकमेव वर्ग होय : १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के. जेथे धोका मुलांना अधिक, तेथेच पट्टी आंधळी आहे.

याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे, असा नव्हे. वैद्याच्या देखरेखीखाली, मुलास विश्वासात घेऊन केलेल्या आणि प्रयोगशाळेतील वस्तुमान-वर्णपटमापनाने पडताळलेल्या चाचणीस उपचारात निश्चित स्थान आहे. परंतु चोरून वा धाक घालून घेतलेली चाचणी मुलास सत्य सांगण्याऐवजी लपविण्याची कला शिकविते. ज्याच्याकडून मदत मिळावयाची, तोच पहारेकरी झाला, तर संकटात सापडलेल्या मुलाने धाव घ्यावी कोणाकडे?

म्हणून शंका आल्यास प्रथम शांतपणे विचारावे, ऐकून घ्यावे, मग वैद्याचा सल्ला घ्यावा. १४४४६ या शासकीय दूरध्वनी-क्रमांकावर निःशुल्क मार्गदर्शन मिळते. पट्टी पुन्हा विकत आणता येते. मुलाचा गमावलेला विश्वास तसा आणता येत नाही.