एकाच घरची अनेक दारे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत उज्जैनला मामांकडे गेलो होतो. मामांचे घर नानाखेड्यात. परत निघालो तेव्हा इंदूरच्या बसमध्ये बसवून द्यायला ते स्टँडवर आले. आम्ही चहा घेतला. पैसे मी मोबाईलवरून दिले. मग नकाशात रस्ता पाहिला आणि बस येईपर्यंत यूट्यूबवर एक अभंग लावला. मामा बघत होते. म्हणाले, "अरे, हे पैसे देणं, नकाशा, गाणी, सगळ्या निरनिराळ्या कंपन्या का?"

"नाही मामा, सगळं एकट्या गूगलचं. मोबाईल चालवणारी ॲण्ड्रॉइड प्रणालीसुद्धा."

मामांची सारी नोकरी देवासला किर्लोस्करांच्या पंपांच्या कारखान्यात झालेली. ते पटकन म्हणाले, "म्हणजे आमच्या किर्लोस्करांसारखंच की!"

बस सुटली, पण मामांचे वाक्य काही सुटेना. खरेच का हे सारखे आहे?

किर्लोस्करांची कथा आपल्या भागातलीच. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान निघाले. पुढे लक्ष्मणरावांनी कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरामागून उसाचा चरक आला, पंप आला. पंप फिरवायला इंजिन हवे, मोटार हवी. म्हणून १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिन्स आणि बंगळूरला इलेक्ट्रिक कंपनी निघाली. त्याआधी १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे घडवणारा कारखाना सुरू झाला होता. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे पसरलेला हा वेल एका गरजेतून दुसरी गरज अशा क्रमाने वाढला.

गूगलची वाढ पुष्कळशी खरेदीतून झाली. नकाशाचे मूळ सिडनीतल्या एका लहानशा कंपनीत. रासमुसेन नावाचे दोघे भाऊ तिच्या संस्थापकांत होते. २००४ साली गूगलने ती घेतली. २००५ मध्ये ॲण्ड्रॉइड घेतले, २००६ मध्ये १६५ कोटी डॉलर्सना यूट्यूब. चहाचे पैसे दिले ते 'गूगल पे' मात्र घरचेच. २०१७ साली ते भारतात 'तेज' या नावाने आले आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव बदलले. २०१५ पासून या साऱ्या पसाऱ्यावर 'अल्फाबेट' ही मूळ कंपनी आहे.

विकत घेणे हा काही गुन्हा नव्हे. किर्लोस्कर ब्रदर्सनेही २००३ मध्ये इंग्लंडची एस.पी.पी. पंप्स ही कंपनी घेतलीच. शिवाय सिडनीच्या त्या नकाशाला मोठे घर मिळाले नसते, तर तो नानाखेड्यापर्यंत पोहोचला असता की नाही, कोण जाणे! तेव्हा कोणी किती कंपन्या घेतल्या हा माझा प्रश्न नाही. या घराची दारे बाहेरूनही उघडतात का, हा आहे.

किर्लोस्करांचा नांगर कोणाच्याही बैलांना जुंपता येई. त्यांचा पंप दुसऱ्याच्या इंजिनावर चालू शके. मोबाईलचे तसे झाले नाही. हवे ते एखादेच दुकान घ्यायचे म्हटले, तर सगळा बाजार गळ्यात पडतो! भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्याचे एक कारण हेच होते. मोबाईल बनवणाऱ्यांना गूगलचा संच अखंड घ्यावा लागे. त्यातले निवडून घेण्याची मुभा नव्हती. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही आदेश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला.

आता कोणी म्हणेल, "फुकट मिळते आहे, मग तक्रार कसली?" मित्रांनो, फुकट काहीच नसते. आपण काय शोधतो, कुठे जातो, काय पाहतो, याच्या नोंदी जाहिरातीच्या बाजारात कामाला येतात. जितकी दारे अधिक, तितक्या नोंदी अधिक. पंपाला मात्र विहिरीचे पाणी तेवढे ठाऊक असे. शेतकऱ्याच्या मनात काय आहे ते त्याला कळत नसे.

आपल्या महाविद्यालयातले कितीतरी मित्र आज स्वतःची कंपनी काढण्याचे बेत करतात. पुष्कळांच्या बेताचे शेवटचे पान एकच असते: कोणीतरी मोठा येऊन आपल्याला विकत घेईल. पहिल्या पानावर गिऱ्हाइकाची गरज आणि शेवटच्या पानावर स्वतःची विक्री, या दोहोंमध्ये गिऱ्हाईक कुठे हरवले, हे आपल्या प्राध्यापकांनी त्यांना अवश्य विचारावे.

आणि आपण बाकीच्यांनी? एका संध्याकाळी आपला मोबाईल घेऊन बसावे. त्यातली कोणती वस्तू कोणत्या घरची, याची कागदावर यादी करावी. आपली छायाचित्रे आणि पत्रे बाहेर काढून घ्यायची सोय गूगलनेच ठेवली आहे. ती एकदा वापरून पाहावी. घर सोडायचेच असे नाही. पण दार कुठे आहे, एवढे तरी माहीत हवे.

पुढच्या खेपेस नानाखेड्याला गेलो की मामांना सांगणार आहे, "मामा, सारखं आहे, पण अर्धंच."