डोरा केक, काटेरी साखर आणि आजी

माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, जपानी मिठाई म्हणजे काय? उत्तर एकच. डोरा केक! २००५ च्या सुमाराला हिंदी बोलणारा डोरेमॉन आपल्या टीव्हीवर आला आणि शाळेतून आल्या आल्या दप्तर भिरकावून आम्ही त्याच्यासमोर ठाण मांडायला लागलो. डोरा केक दिसला की त्या निळ्या बोक्याची विकेट पडायची. आणि इकडे माझ्या हातात दूध-पोळीचा वाडगा. अन्याय हो, दुसरं काय!

त्यामुळे गेल्या जूनमध्ये टोकियोतल्या ताईनं (माझी मावसबहीण, आयटीवाली, राहणार निशिकासाई, जिथे भारतीय इतके आहेत की कढीपत्त्याचं टेन्शन नाही) ‘ये गं आठ दिवस’ म्हटल्यावर माझा अजेंडा क्लिअर होता. क्योटोला जायचं. पारंपरिक मिठाईचं दुकान गाठायचं. फोटो काढायचे, दोन लेख पाडायचे, आईसाठी एक खोका घ्यायचा, परत. फ्रीलान्सर माणूस फिरायला जातो तेव्हा खरं तर कामालाच जातो, हे माझे जातभाई समजू शकतील.

जून म्हणजे तिकडेही पावसाळा. शिनकान्सेननं सव्वादोन तासांत क्योटो. स्टेशनबाहेर पडलो तर अगदी आपल्यासारखी रिपरिप. निशिजिन हा तिथला जुना विणकरांचा भाग. अरुंद गल्ल्या, त्यात लाकडी घरं. समोरून चिंचोळी आणि आत लांबच लांब. तिकडे अशा घराला ‘ईल माशाचं अंथरूण’ म्हणतात. अशाच एका घराच्या दारावर कापडी पडदा लोंबत होता. तो बाजूला सारून आत शिरलो.

आणि माझा पोपट झाला.

मिठाईचं दुकान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय असतं? पेढ्यांचे डोंगर, बर्फीच्या भिंती, तुपाचा वास आणि ‘पाव किलो द्या’चा गलका. इथे काचेच्या कपाटात फक्त सहा नग. सहा प्रकार नव्हे, सहा नग! वास म्हणाल तर ओल्या लाकडाचा. काउंटरमागे सत्तरीच्या मालकीणबाई, ज्यांना तिकडे ‘ओकामीसान’ म्हणतात. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मीही वाकले आणि पाठीवरच्या सॅकनं मागचं छत्र्यांचं स्टँड पाडलं. एंट्री तर झक्कास झाली.

आता थोडा फंडा समजून घ्या. या मिठाईला जपानीत ‘वागाशी’ म्हणतात. ‘वा’ म्हणजे जपानी. हा शब्द मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, रुळला. पाश्चात्त्य केक-बिस्किटं देशात शिरली आणि ‘ती त्यांची, ही आपली’ असं सांगायची गरज पडली. मिठाई मात्र त्याच्या कितीतरी आधीची. तोराया नावाच्या प्रसिद्ध पेढीची मुळं सोळाव्या शतकातल्या क्योटोत आहेत. १८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेले, तेव्हा राजवाड्याला मिठाई पुरवणारी ही पेढीही त्यांच्यामागोमाग टोकियोत गेली.

कच्चा माल ऐकाल तर तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. तूप नाही, खवा नाही, दूध नाही. आहे ते कडधान्य, तांदूळ आणि साखर. अझुकी नावाचा लाल दाणा असतो, आपल्या मूग-उडीद-चवळीच्या भावकीतला. तो शिजवायचा, साखरेत आटवायचा. झालं ‘आन’. म्हणजे काय? म्हणजे पुरण! डोरा केकच्या पोटातही हेच. पिठी तांदळाची असेल तर उकडीच्या मोदकाची दूरची बहीण वाटावी. आणि वड्या जमवायला समुद्री शेवाळापासून केलेलं कान्तेन, म्हणजे आपल्या आयांच्या कपाटात पडलेलं चायना ग्रास. शाकाहारी मंडळींनो, जपानमध्ये उपाशी मरायचं काही कारण नाही. फक्त डोरा केकच्या आवरणात अंडं असतं, तेवढं बघा.

कपाटातला एक नग जांभळा-निळा होता. आत पुरणाचा गोळा, वर कान्तेनचे छोटे छोटे चौकोन चिकटवलेले. अगदी पावसात भिजलेलं हायड्रेंजियाचं फूल. शेजारी पांढरा त्रिकोण, वर लाल अझुकीचा थर.

‘‘हा काय प्रकार?’’ मी विचारलं. ताई दुभाषी.

ओकामीसान खुलल्या. हा त्रिकोण म्हणजे ‘मिनाझुकी’. क्योटोचे लोक तो ३० जूनला खातात. वर्ष अर्धं सरलं, सहा महिन्यांची घाण धुऊन टाकायची, उरलेले सहा महिने सुखात जावेत म्हणून. त्याच दिवशी देवळात गवताच्या मोठ्या वर्तुळातून आरपार चालत जातात. आणि त्रिकोण का? तर पूर्वी या दिवसांत दरबारातली मंडळी डोंगरात साठवलेला बर्फ खायची. सामान्य माणसाला बर्फ कुठला परवडायला? मग त्यानं बर्फाच्या तुकड्यासारखी मिठाई केली आणि वर दाणे टाकले, कारण लाल दाण्यानं इडापिडा टळते म्हणे.

मला हे जाम आवडलं. राजाकडे बर्फ, आपल्याकडे बर्फाची आयडिया. सगळ्या मध्यमवर्गाचा इतिहास एका वडीत!

मग मी नेहमीचा टुरिस्ट प्रश्न टाकला, ‘‘ती चेरी ब्लॉसमवाली गुलाबी मिठाई नाही का? फोटोत छान येते.’’ ताईनं भाषांतर करायच्या आधी माझ्याकडे असं पाहिलं, की गणपतीत होळीची पुरणपोळी मागितल्यासारखं. उत्तर अर्थातच ‘एप्रिलमध्ये या’. इथे कपाट ऋतूप्रमाणे बदलतं. मोहर गेला की मोहराची मिठाई गेली. हाताशी फूड डिलिव्हरीचं ॲप असलेल्या माझ्यासारखीला ‘आत्ता मिळणार नाही’ हे वाक्य पचायला जरा जड गेलं.

एकेक नग साडेचारशे येनना. आपले अडीचशेच्या आसपास. अडीचशे रुपयांत एक घास! पण तो घास बाकावर बसून, पावसाकडे बघत, लाकडी काडीनं कापून खायचा असतो. आधी मिठाई संपवायची, मग कडू माचा चहा प्यायचा. मी खाल्ला. गोडवा हळूच येतो, घशाशी बसत नाही, आणि चहाचा घोट घेतल्यावर दोघांची जी गट्टी जमते ना, सही! या मिठाईला नावंही कवितेसारखी असतात. तोरायाच्या एका काळ्या वडीचं नाव आहे ‘योरू नो उमे’, म्हणजे रात्रीचा प्लम. वडी कापली की कापावर अझुकीचे दाणे दिसतात, अंधारात फुललेल्या फुलांसारखे. जपानी लोक म्हणतात, वागाशी पाचही इंद्रियांनी खायची. डोळे, नाक, जीभ, स्पर्श आणि कान. कान कशाला? तर नाव ऐकायला.

हे कानाचं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

निघताना म्हटलं, ‘‘आईसाठी सहाच्या सहा पॅक करा.’’

‘‘कधी खाणार?’’ ओकामीसाननी विचारलं.

‘‘पुण्याला गेल्यावर. परवा, फार तर तेरवा.’’

‘‘मग नाही देता येणार. ही आजच खायची.’’

मी पुण्याची. दुकानदारानं गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणणं मला नवीन नाही. पण इतकं ओशाळून, हात जोडून, दोनदा वाकून नाही? बाई खरंच कळवळल्या होत्या. मग आतून एक छोटी कागदी पिशवी घेऊन आल्या. ‘‘हे न्या. हे टिकतं. आमच्याकडचं नाही, हे काम वेगळं, करणारे वेगळे.’’

ताईनं सहज विचारलं, दुकान पुढे कोण बघणार? मुलगा टोकियोत कॉम्प्युटरमध्ये आहे, त्या म्हणाल्या. आतून नवऱ्याचा खोकण्याचा आवाज आला. ‘‘ह्यांचे हात चालताहेत तोवर.’’ कॉम्प्युटरमधल्या ताईनं हे वाक्य भाषांतरित केलं आणि एकदम गप्प झाली.

पिशवी उघडली ती कामो नदीच्या काठी, एका पुलाखाली. आत पांढरे, गुलाबी, पिवळे काटेरी दाणे. ताईनं एक तोंडात टाकला आणि किंचाळली, ‘‘अगं, हा तर आजीचा हलवा!’’

तोच! संक्रांतीचा, तिळगुळात मिसळतो तो. नवी सून आणि बोरन्हाणाचं बाळ ज्याच्या दागिन्यांनी मढतं तो. जपानीत याला ‘कोम्पेइतो’ म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज, ‘कॉन्फेइतो’. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश नावाच्या जेझुइट पाद्र्यानं क्योटोत ओदा नोबुनागा या बड्या सरदाराला काचेच्या बाटलीतून हीच साखर भेट दिली होती. आणि हे फ्रोइश महाशय जपानला जाण्याआधी बरीच वर्षं कुठे होते? आपल्या गोव्यात!

कोम्पेइतो करायची रीत ऐका. तिरकी, फिरती, तापलेली मोठी कढई. तिला ‘डोरा’ म्हणतात, म्हणजे घंटेची थाळी. डोरा केकचं जपानी नाव ‘डोरायाकी’, त्यातला डोराही हाच. तर त्या कढईत बारीक कण टाकायचे. पूर्वी खसखस किंवा तीळ असायचे, हल्ली तांदळाची कणी. वर पळीनं थोडा पाक. फिरवा, सुकवा. पुन्हा पाक. असं दोन आठवडे, कधी जास्तही. काटे का येतात, यावर तोराहिको तेरादा नावाच्या नामवंत फिजिसिस्टनं शंभरेक वर्षांपूर्वी डोकं खाजवलं होतं. क्योटोत र्योकुजुआन शिमिझु नावाचं घराणं १८४७ पासून फक्त कोम्पेइतोच करतं. तिथे म्हणतात, कलथा फिरवायला शिकायला १० वर्षं, पाक घालायला शिकायला आणखी १०. कृती लिहून ठेवलेली नसते. कारागीर कढईत घरंगळणाऱ्या साखरेचा आवाज ऐकतो आणि पाक कधी घालायचा ते ठरवतो.

आवाज.

इथे माझ्या पोटात गोळा आला. कारण त्याआधीच्या संक्रांतीला आमच्या ८२ वर्षांच्या आजीनं मला बोलावलं होतं. ‘‘बस माझ्याजवळ, हात फिरवायला शिकवते. माझा खांदा आता साथ देत नाही.’’ शेगडी, वर परात, परातीत तीळ, वाटीत पाक आणि तिची फिरणारी बोटं. माझी एका लेखाची डेडलाइन होती. मी म्हटलं, ‘‘आजी, रेकॉर्डच करून ठेवते ना, मग निवांत शिकेन.’’ चाळीस सेकंदांचं रील केलं. खाली ट्रेंडिंग गाणं टाकलं. अकरा हजार लाइक्स. मी खूश, आजी कौतुकानं सगळ्यांना दाखवतेय.

कामोच्या काठावर बसून ते रील मी पुन्हा लावलं. गाणं वाजत होतं. परातीत तीळ कसे वाजतात, ते काही ऐकू येत नव्हतं. मूळ क्लिप शोधली, तर फोन भरला म्हणून कधीच उडवलेली. ताई काही बोलली नाही. तिनं फक्त पिशवी माझ्याकडे सरकवली.

पुण्याला आल्यावर आजीच्या हातावर दाणे ठेवले. तिनं चष्म्यातून काटे बघितले, एक दाणा दाढेखाली फोडला आणि निकाल दिला, ‘‘बरा आहे. पण तीळ कुठाय?’’ दोनशे वर्षांची परंपरा एका वाक्यात आउट.

‘‘आजी, परात वाजते का गं हलवा करताना?’’

‘‘वाजते म्हणजे? ओला असला की चिकट वाजतो, सुकला की खुळखुळतो. खुळखुळला की पुढचा पाक. तू त्या दिवशी फोन घेऊन नुसती नाचत होतीस. बसली कुठे होतीस?’’

यंदाच्या संक्रांतीला पाच दिवस कुठलंच काम घेतलं नाही. एका एडिटरनं भुवया उंचावल्या, एकानं ‘सिरिअसली?’ असा मेसेज टाकला. आजी खुर्चीत, मी शेगडीपाशी पाटावर. फोन दुसऱ्या खोलीत. पहिले दोन दिवस बोटं भाजली आणि तिळाचे गठ्ठे झाले. तिसऱ्या दिवशी आजी डोळे मिटून म्हणाली, ‘‘आता घाल.’’ चौथ्या दिवशी एकदा मला तिच्याआधी ऐकू आलं. ती काही म्हणाली नाही, पण तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पाचव्या दिवशी तयार झालेला हलवा पांढरा, गोल, गुळगुळीत. काटा? औषधालाही नाही. ‘‘मिसरूड फुटायचंय अजून,’’ आजी म्हणाली आणि तोच हलवा डब्यात भरून बिल्डिंगभर वाटून आली. माझं नाव सांगून!

कलथ्याची १० वर्षं, पाकाची १०. आजीचं वय मला माहीत आहे आणि वजाबाकी मलाही येते. म्हणून पुढच्या जानेवारीतले १५ दिवस आत्ताच ब्लॉक केलेत. ताईनंही सुट्टी टाकलीय.

आजवर मला कुणी १९ वर्षं आणि ३६० दिवसांची डेडलाइन दिली नव्हती. ही चुकवायची नाही, बॉस.