पाणी कुठें मुरतें?

गेल्या पौषांत आम्हीं आमच्या जुन्या ओम्नी व्हॅनला दुसरें इंजिन बसविलें, तेव्हां आप्तेष्टांनीं आम्हांस वेड्यांत काढलें. या जातीची गाडी 1984 सालीं ‘मारुति व्हॅन’ म्हणून रस्त्यावर आली आणि 2019 सालीं तिचें उत्पादनही थांबलें. तिच्यावर पैसा घालणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असें त्यांचें म्हणणें. परंतु आमच्या मातोश्रींचे गुडघे वांकत नाहींत. आमच्या घरीं त्या स्वतःच्या पायांनीं चढूं शकतात अशी गाडी ही एकच. त्यांचें वय 82, आणि वैशाखांत गुहागरास श्रीव्याडेश्वराच्या दर्शनास जावें असें त्यांनीं मनांत धरलेलें. ‘पुढच्या वर्षीं जाऊं’ हे शब्द आम्हांपैकीं कोणाच्याच तोंडून निघत नव्हते.

इंजिन नवें कोठलें! मोडींत निघालेल्या दुसऱ्या व्हॅनमधून काढलेलें. नोंदणीपत्रांत त्याचा क्रमांक चढविण्याचे सोपस्कार झाले, आणि तें चाललेंही उत्तम. पंधरा दिवसांनीं रेडिएटर उघडून पाहतों तों पाणी दोन बोटें खालीं. भरलें. चार दिवसांनीं पुन्हां तेंच. गाडीखालीं थेंब नाहीं, नळ्यांवर ओल नाहीं. मग हें पाणी मुरत होतें कुठें?

ज्यांनीं इंजिन बसविलें ते म्हणाले, “जुनी गाडी आहे, घालत राहा.” शेजारच्या अप्पांनीं याहून सोपा उपाय सुचविला: रेडिएटरमध्यें दोन चमचे हळद! वाचकहो, हंसूं नका. हा उपाय आपल्या हमरस्त्यांवर पुष्कळ चालतो. पाण्याबरोबर हळद छिद्रापर्यंत जाते आणि तेथें सांचून तें बुजविते. आडरानांतून गांव गांठावयाचें असेल तर ठीक आहे. पण जी हळद छिद्र बुजविते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजविते. बाजारांत मिळणाऱ्या गळतीबंद औषधांचीही थोडीफार हीच गत. आमच्या सौभाग्यवतींनीं हळदीचा डबा उचलून फडताळांत ठेवला, तें बरें झालें.

आपण ज्याला इंजिनाचें पाणी म्हणतों तें नुसतें पाणी नसावें. निम्में ऊर्ध्वपातित पाणी आणि निम्मा ग्लायकोलयुक्त कूलंट असावा. रेडिएटरच्या झांकणांतील स्प्रिंग त्यावर दाब राखते. हा दाब सुमारें 0.9 किलो असला, तर साधें पाणीही 100 अंशांवर न उकळतां 118 अंशांच्या आसपास उकळतें. गोम येथेंच आहे. थंड इंजिनांत दाब नसतो, म्हणून बारीक चीर मिटून असते. इंजिन तापलें कीं ती उघडते, आणि पडलेला थेंब तापलेल्या धातूवर तत्क्षणीं वाफ होऊन जातो. आपण गाडी थांबवून वांकून पाहतों, तेव्हां साक्षीदार पसार झालेला असतो.

मला खरी धास्ती होती ती हेड गॅस्केटची. तें फुटलें असतें तर इंजिनाचा माथाच उतरवावा लागता, आणि वैशाख हातचा गेला असता. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल ताकासारखें पांढुरकें झालें नव्हतें. तापलेल्या इंजिनाचा धूर पांढरा नव्हता. थंड इंजिनाचें झांकण काढून मग तें सुरू केलें, बुडबुडे येईनात. जीव थोडासा भांड्यांत पडला.

शेवटीं एका वयस्क मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं रात्रभर थंड झालेल्या इंजिनाच्या रेडिएटरला दाबमापक असलेला हातपंप जोडला, दाब 0.9 वर नेला आणि चहा मागविला! चहा येईतों कांटा उतरूं लागला होता. या व्हॅनचें इंजिन पुढील बैठकीखालीं असतें. बैठक उचलून त्यांनीं बॅटरीचा झोत टाकला. दहा मिनिटांनीं, इनटेक मॅनिफोल्डखालीं हात जाईना अशा सांदींत, हिरवट-पांढरी खपली दिसली आणि तिच्यावर एक टपोरा थेंब. बोटभर लांबीची रबरी नळी. नखानें दाबली तरी दबेना इतकी ताठरलेली. मोठ्या नळ्या बदलल्या गेल्या होत्या, ही तेवढी राहिली.

“इंजिनाला काही झालेलं नाही, साहेब. ही नळी त्याच्या पहिल्या गाडीची आहे,” मिस्त्री म्हणाले.

तेव्हां मला आठवलें. आठवड्यापूर्वीं पुढें बसलेल्या मातोश्रींनीं विचारलें होतें, “अरे, खालून पाकासारखा गोडसर वास कसला येतो?” म्हाताऱ्या माणसाला भास होतात, असें समजून मीं तें हंसण्यावारी नेलें होतें. कूलंटचा वास गोडसरच असतो. चवही गोड, आणि द्रव्य मात्र जहाल विष. मूल किंवा कुत्रें त्याला तोंड लावील तर प्राणावर बेततें. सांडलेला कूलंट भरपूर पाण्यानें धुऊन काढावा, आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये.

नळी आणि तिच्या दोन पकडी मिळून खर्च एका साध्या जेवणाइतका आला. नवा कूलंट भरतांना आंतली हवा निघून जावी म्हणून मिस्त्रींनीं इंजिन पंखा सुरू होईपर्यंत चालू ठेवलें, थंड होऊं दिलें, पुन्हां भरलें. पुढें तीन आठवडे मी रोज सकाळीं पातळी पाहत होतों. ती तसूभरही उतरली नाहीं.

वैशाखांत आम्ही साताऱ्यावरून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलों. ऊन मी म्हणत होतें आणि माझी दृष्टि रस्त्यापेक्षां कांट्यावरच अधिक. तो मध्यावर स्थिर होता. मातोश्री शेजारीं बसल्या होत्या. त्यांनीं एकदां खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, “आज वास नाही हो येत.”