सेन्सरची तार निघाली तर?

गेल्या सत्रात एका तंत्रनिकेतनात तोंडी परीक्षा घ्यायला गेलो होतो. अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लशींच्या फ्रिजसाठी इशारा देणारे यंत्र केले होते. केले होते म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, वोक्वी या संकेतस्थळावर. ईएसपी३२ हा बोर्ड, डीएचटी२२ हा तापमानाचा सेन्सर आणि एक भोंगा. सेन्सरच्या चित्रावर क्लिक केले की एक पट्टी येते. ती सरकवून तापमान ८ अंशांच्या पुढे नेले की भोंगा वाजतो आणि मोबाइलवर संदेश जातो. काम नीटनेटके होते. मी विचारले, "सेन्सरची तार निघाली तर?"

तो म्हणाला, "सर, इथं तार निघत नाही."

त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याला कोणी तार काढायला सांगितलेच नव्हते. वस्तूंना इंटरनेटशी जोडण्याचे हे तंत्र, म्हणजे आयओटी, आज पदविकेपासून पदवीपर्यंत बहुतेक ठिकाणी शिकवले जाते आणि त्याची प्रात्यक्षिके मोठ्या प्रमाणावर सिम्युलेटरवर उरकली जातात. विषय मात्र खेळण्यातला नाही. आपल्या लसीकरणातल्या बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. शीतसाखळीतल्या फ्रिजवर लक्ष ठेवणारी ई-विन ही सरकारी यंत्रणा याच तत्त्वावर चालते: फ्रिजमधला सेन्सर, सिमकार्ड आणि मर्यादा ओलांडली की संदेश. ही मुले उद्या अशाच यंत्रांवर काम करणार आहेत.

आता तार निघाली तर काय होते ते पाहू. सेन्सरकडून आकडा येत नाही. त्याजागी प्रोग्रॅमला 'ही संख्या नाही' अशी खूण मिळते. ही खूण ८ पेक्षा मोठी आहे का, असे विचारले की संगणक 'नाही' म्हणतो. झाले, भोंगा गप्प. आत फ्रिज तापत असला तरी यंत्राच्या लेखी सगळे ठीक. शिवाय त्या मुलाने फक्त वरची मर्यादा लिहिली होती. हेपेटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंटसारख्या लशी गोठल्या की निकामी होतात, त्यामुळे खालची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. हे त्याला ठाऊक नव्हते. आरोग्य केंद्रात दिवसातून दोनदा थर्मामीटर पाहून वहीत आकडा लिहिणाऱ्या परिचारिकेला ते नक्की ठाऊक असते.

मग सिम्युलेटर बंद करावा का? मुळीच नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमची प्रात्यक्षिके त्याच्याच जिवावर झाली. प्रयोगशाळेला पाच वाजता कुलूप लागते, वोक्वी आणि टिंकरकॅड रात्री अकरालाही उघडे असतात. ईएसपी३२चे पाय ३.३ व्होल्टचे, त्यावर चुकून ५ व्होल्ट दिले तर खरा बोर्ड जाऊ शकतो, पडद्यावरचा जात नाही. नवख्याचा हात मोकळा होण्यासाठी याहून चांगली सोय नाही. पॅकेट ट्रेसरमध्ये तर अख्खे घर उभे करून त्यातले दिवे, पंखे, दारे एकमेकांशी बोलायला लावता येतात. इतकी खरी उपकरणे कोणते महाविद्यालय विकत घेणार?

माझी तक्रार वेगळी आहे. आपण सिम्युलेटर यश दाखवायला वापरतो, तो बिघाड घडवायला वापरायला हवा. तार पुसणे, वायफायचे नाव चुकीचे लिहिणे, आकडा एकदम उणे करणे हे सगळे पडद्यावर फुकटात करता येते. प्रयोगवहीत मात्र 'निष्कर्ष: प्रयोग यशस्वी' आणि एक स्क्रीनशॉट, बास.

काही गोष्टी मात्र पडद्यावर कळतच नाहीत. वोक्वीत रेझिस्टर न लावताही एलईडी बिनतक्रार पेटतो. (टिंकरकॅड निदान स्फोटाची खूण दाखवून दटावतो.) वोक्वीतले वायफाय कायम हजर असते, त्याला पासवर्डही लागत नाही. खऱ्या फ्रिजच्या धातूच्या पेटीत सिग्नल दबतो. वायफाय सुरू होताना बोर्ड क्षणभर जास्त प्रवाह ओढतो आणि चार्जर कमकुवत असेल तर बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो. मुले तासन्‌तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधतात, चूक असते केबलमध्ये. आणि अचूकतेचे काय? पडद्यावर पट्टी ७ वर ठेवली की सेन्सर ७ सांगतो. बाजारात गेलेला विद्यार्थी स्वस्त म्हणून निळा डीएचटी११ घेऊन येतो, त्याच्या माहितीपत्रकातच २ अंश इकडे-तिकडे अशी कबुली असते. तो ७ म्हणतो तेव्हा फ्रिजमध्ये ९ असू शकतात. पांढऱ्या डीएचटी२२ची कबुली अर्ध्या अंशाची आहे. लशींसाठी हा फरक म्हणजे ठेवायची की फेकायची, इतका मोठा आहे.

म्हणून मी माझ्या वर्गात एवढेच करतो. पहिले तीन आठवडे सिम्युलेटर, त्यातला शेवटचा पूर्णपणे बिघाडांचा. मग चौघांत एक खरा बोर्ड. तो घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायचा, शेजारी साधा थर्मामीटर, आणि दोन्हींचे आकडे समोरासमोर लिहून आणायचे. आई रात्री दूध काढायला दार उघडते ते आलेखात दिसते. वीज गेली तर तेही दिसते, म्हणजे त्या वेळेपुरती रेषाच नाहीशी होते. गुण त्या रेषेचा अर्थ लावण्याला.

त्या तोंडी परीक्षेचे सांगायचे राहिले. तासाभराने तो मुलगा लॅपटॉप घेऊन परत आला. पडद्यावरची डेटाची तार त्याने पुसली होती आणि भोंगा वाजत होता, खाली 'सेन्सर तपासा' अशी ओळ. "दोनच ओळी वाढवाव्या लागल्या, सर. आता खऱ्या बोर्डवर बघायचंय." मी त्याच्या शिक्षकांना विचारले, बोर्ड आहेत का? त्यांनी कपाट उघडून दाखवले. मागच्या तपासणीच्या वेळी घेतलेले दहा बोर्ड होते, खोक्यांचे सील अजून तसेच.