आमचे कंद आणि आमची लाज



थंडी पडूं लागली म्हणजे उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे या बाजूला ज्या थोड्या वाड्या अजून उरल्या आहेत त्यांतून कुदळ चालूं लागते. कोन निघतो, सुरण निघतो, कणगर निघतो, वेलावरचे करांदे उतरतात. परंतु त्याच घरीं पाहुणा आला कीं बाई करांद्याचें टोपलें पडवींत सारते आणि पोराला दुकानावर बटाटे आणायला धाडते. विचारलें तर म्हणते, "कंदमुळें काय वाढायचीं पाहुण्याला? लोक हंसतील." या हंसण्याविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

हे हंसणारे लोक कोण? पुराण ऐकतांना ऋषि वनांत कंदमुळें खाऊन राहिला असें आलें कीं सारे हात जोडतात. चेण्याच्या किंवा काशीच्या पाड्यावरचा वारली तेंच कंदमूळ खातो तेव्हां त्याला जंगली म्हणतात. कंद एकच, माती एकच. खाणाऱ्याची जात बदलली कीं तपश्चर्येचें दारिद्र्य होतें! बरें, वारल्यांची व कातकऱ्यांची विद्या कांहीं लहान नाहीं. रानांतला कडू कंद विषारी असतो. त्याचे पातळ काप करून, राखेच्या पाण्यांत उकळून, रात्रभर वाहत्या पाण्यांत ठेवून त्याचें अन्न करणें हें ज्यानें शोधून काढलें त्याची शाळा कोणती होती, हें हंसणाऱ्यानें एकदां सांगावें.

आणि ज्या बटाट्याची एवढी प्रतिष्ठा, तो तरी कोठला? तो अमेरिका खंडांतला. नांवसुद्धां पोर्तुगीजांचें. ही आमची साष्टी १५३४ सालीं त्यांच्या हातीं गेली व चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली तोपर्यंत या किनाऱ्यावर फिरंग्यांचा अंमल होता. त्यांच्या "बटाटा" शब्दाचा मूळ अर्थ रताळें. आपण तो दुसऱ्याच कंदाला लावला. एकादशीला रताळें चालतें, बटाटा चालतो, शेंगदाणा चालतो, मिरची चालते, साबुदाणा चालतो. हे पांचही अमेरिकेंतले! साबुदाणा तर तमिळनाडूंत सेलमकडे एका कंदाच्या पिठापासून करतात, म्हणजे खिचडी खाणारा कंदच खातो, पण मोती समजून. एकादशीचें व्रत ज्या काळीं सुरू झालें त्या काळीं यांतली एकही वस्तु या देशांत नव्हती. मग यांना पवित्र कोणीं ठरविलें? ज्यांना त्या आवडल्या त्यांनीं. आवडल्या याला आमची तक्रार नाहीं. तक्रार एवढीच कीं, आमच्या करांद्याला असा वकील कोणी मिळाला नाहीं.

भाईंदरांत जैन बांधवांची वस्ती मोठी आहे. जमिनीखालच्या एका कंदांत अनंत जीव असतात, म्हणून ते तो वर्ज्य करतात. त्यांचा नेम त्यांच्या ठायीं आदराचा आहे. आमचा शेतकरी कोन काढतो तेव्हां त्याचें डोकें कापून राखेंत ठेवतो आणि पावसाच्या तोंडावर पुन्हां मातींत घालतो. हाही एक नेमच आहे. शेजाऱ्याच्या नेमाचा मान राखावा, पण त्यापायीं आपल्या चुलीवरचें झांकण उचलायला लाजूं नये.

आतां चुलीकडे वळूं, कारण हंसणाऱ्यांनीं बहुधा हे पदार्थ चाखलेलेच नसतात. सुरण घशाला खाजतो अशी त्याची बदनामी. त्यांत सुईसारखे बारीक क्षाराचे कण असतात, तेच टोंचतात. चिंच किंवा कोकम घालून पुरतें शिजविलें कीं खाज जाते. सुरणाची उत्तम गत म्हणजे सुकट घालून आंबट रस्सा. काप करून तांदळाच्या पिठांत घोळवून तळणें ही दुसरी. बिनआंबटाचा सुरण करणारानें सुरणाला दोष देऊं नये. सुरणाचाच रानटी भाऊ म्हणजे शेवळें. पहिल्या पावसांत बाजारांत येतात. बाया त्यांत काकडाचीं आंबट फळें घालतात, तीही याच खाजेवरची तोड. अळकुडी कोलंबीबरोबर जितकी खुलते तितकी कशाबरोबरच नाहीं. कोलंबी परवडत नसेल तर जवळा आहेच. अळकुडीचा बुळबुळीतपणा ज्याला सोसत नाहीं त्यानें ती आधीं उकडून, सोलून, तव्यावर परतून घ्यावी. करांद्याला मसाल्याची गरजच नाहीं. मीठ टाकून उकडावा, साल काढावी, गरम असतांना खावा. किंचित् कडवट चव हाच त्याचा गुण, ती मारायला साखर घालणारा करांदा खात नसून साखर खातो. कोन उकडून कुसकरला तर जांभळा रंग असा उतरतो कीं पोरें भांडून खातात. रताळें आरांत भाजावें, पाकांत घालून त्याची मिठाई करूं नये, असें माझें मत आहे. घरांतल्या मंडळींचें तसें नाहीं. मुळ्याविषयीं मी फारसें बोलत नाहीं, त्याचा पाला त्याच्याहून चांगला.

या सर्वांचें संमेलन म्हणजे उकडहंडी. वसईपासून डहाणूपर्यंत हिंवाळ्यांत ती होते. कोन, रताळीं, सुरण, वालपापडी, वांगीं यांना ओवा, आलें, लसूण, मिरची व ओल्या खोबऱ्याचें वाटण चोळून मडक्यांत भरतात, तोंड पाल्यानें बंद करतात आणि मंद विस्तवावर वाफ कोंडून शिजवतात. पाण्याचा थेंब घालावा लागत नाहीं. गुजरातेंत वलसाडकडे हिचीच बहीण उंबाडियूं या नांवानें रस्त्यावर विकली जाते व मोटारी थांबवून लोक ती खातात. तेथें लाज नाहीं, धंदा आहे. नायजेरिया देश जगांत सर्वांत जास्त कोन पिकवतो. तेथील इग्बो लोक नवा कोन आला कीं गांवचा सण करतात. २०१६ सालचें जागतिक अन्न पारितोषिक ज्यांना मिळालें त्यांत आफ्रिकेच्या गरीब घरांत नारिंगी रताळें पोंचविणारे शास्त्रज्ञ होते, कारण त्यानें मुलांना अ जीवनसत्त्व मिळतें.

आमच्याकडे काय चाललें आहे? मिरा-भाईंदरला १९८५ सालीं नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली आणि २०११ च्या गणतींत वस्ती ८ लाखांवर गेली. वाडी विकली जाते, पैसा येतो, घर पक्कें होतें. विकणाऱ्याला दोष देण्याचा मला अधिकार नाहीं, त्याची अडचण तो जाणतो. परंतु वाडीबरोबर बेणें जातें, हें त्याला कोणी सांगत नाहीं. कोन, कणगर, सुरण यांचें बीं पुडींत मिळत नाहीं. कंदाचा तुकडा हेंच बेणें. एक पावसाळा लावणी चुकली कीं घरांत आजेसासूपासून चालत आलेली जात संपली. मग बाजारांत जें एक येईल तेंच खावयाचें. एकाच कंदावर जगण्याचें फळ आयर्लंडनें भोगलें आहे. तेथील गरीब कुळें जवळजवळ एकाच जातीच्या बटाट्यावर राहत होतीं. १८४५ सालीं त्यावर करपा पडला आणि पुढच्या वर्षांत सुमारें १० लाख माणसें भुकेनें व रोगानें मेलीं. त्याच वेळीं जमीनदारांचें धान्य गलबतांत भरून इंग्लंडास जातच होतें.

दापोलीच्या कृषि विद्यापीठानें कोनाची "कोकण घोरकंद" व कणगराची "कोकण कांचन" अशा जाती काढल्या आहेत. त्या जरूर आणाव्यात. पण घरची जात टाकून नव्हे, तिच्या शेजारीं. ज्यांची वाडी आहे त्यांनीं या हंगामांत कोनाचीं दोन डोकीं जास्त राखावीं व वाडी गेलेल्या भावकीला द्यावीं. चाळींत किंवा इमारतींत राहणाऱ्यानें जुनें पिंप किंवा गोणी मातीनें भरून खिडकीच्या गजाला वेल चढवावा. करांदा तेवढ्यावर येतो. हळदीच्या जेवणांत, नाताळांत, जत्रेंत एक हंडी कंदांची असावी. आणि भाईंदर स्टेशनाबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या बाईकडून घ्यावयाचे असतील तर घासाघीस कमी करावी, कारण आठ महिने मातींत राहिलेला कंद ती विकत असते. लावणी मृगाच्या आधीं. तुकड्याला डोळा असल्याची खात्री करावी, कापलेल्या बाजूला राख लावावी आणि खड्ड्यांत पाणी सांचूं देऊं नये.