प्रतिकारशक्ती किती वाढवायची?

प्रतिकारशक्ती जितकी वाढेल तितके आरोग्य सुधारेल, हे गृहीत धरून काढ्यांपासून कॅप्सूलपर्यंत सगळ्यांच्या जाहिराती चालतात. हे गृहीतच चुकीचे आहे. ल्यूपस किंवा टाइप १ मधुमेहात संरक्षक यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटलेली असते. यावर काहीजण म्हणतील, हे अपवाद झाले. कारण प्रतिकार करणाऱ्या टी पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात तेव्हाच स्वकीयांवर उठणाऱ्या पेशी मारल्या जातात. ती छाननी होते खरी, पण पुरती होत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातही अशा निसटलेल्या पेशी सापडतात. मग त्या गप्प कशा राहतात?

१९६९ मध्ये निशिझुका आणि साकाकुरा या जपानी संशोधकांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लांची थायमस काढून टाकली. टी पेशींचे उगमस्थान गेल्यावर प्रतिकार नुसता मंदावायला हवा होता. प्रत्यक्षात माद्यांची अंडाशये नासली आणि हा हल्ला घरचाच असल्याचे पुढे उघड झाले. म्हणजे थायमसमधून आवर घालणारेही काहीतरी बाहेर पडत होते. शिमोन साकागुची यांनी ते १९९५ मध्ये दाखवून दिले: सीडी-२५ हा रेणू धारण करणाऱ्या टी पेशी वगळून उरलेल्या टी पेशी थायमसविरहित उंदरांत सोडल्या, की अनेक अवयवांना दाह होई, वगळलेल्या पेशी वेळीच परत दिल्या, की तो टळे. याच त्या नियामक टी पेशी. फॉक्सपी३ जनुकातील दोषामुळे त्यांचे काम बिघडलेल्या मुलांना तान्हेपणीच मधुमेह, असह्य जुलाब आणि इसब गाठतात. या शोधमालिकेला २०२५ चे नोबेल मिळाले, ते उगाच नव्हे.

कर्करोगात प्रतिकार मुद्दाम चेतवतात, हा आक्षेप रास्त आहे. पण इपिलिमुमॅबसारखे औषध टी पेशींवरचा एक लगाम काढते, आणि त्याच उपचारात आतडी, त्वचा, अंतःस्रावी ग्रंथी यांना दाह झाल्याचे डॉक्टरांना पाहावे लागते. हा धोका तिथे पत्करतात, कारण समोर प्राणघातक रोग असतो. लसीचे उदाहरण तर इथे लागूच पडत नाही; ती ठरावीक जंतूची ओळख करून देते. कुपोषणात प्रतिकार खरोखरच खचतो, पण तिथे पोटभर सकस अन्न द्यायचे असते.

ल्यूपससारख्या आजारांत मुख्य औषधे प्रतिकार शमवणारीच असतात. घरात असा रुग्ण असेल तर ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकले जाणारे काहीही देण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.